तीन वेळा ऐकणारा माणूस

एप्रिल २०२० ची गोष्ट. टाळेबंदीला महिना होत आला होता. सांडोरच्या आमच्या इमारतीत सगळे घरात बंद होते आणि इमारतीचा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र दिवसरात्र जागा होता. १६ एप्रिलच्या रात्री आमच्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचले गावात, अंत्यविधीसाठी सुरतला निघालेले दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारे आणि चोर फिरत असल्याची अफवा त्या भागात पसरली होती. पोलीस हजर असताना हे घडले. दोन-तीन दिवसांत त्याचे व्हिडिओ देशभर पोहोचले, तसे आमच्या ग्रुपवरही आले. त्यातल्या एका क्लिपखाली लिहिले होते : नीट ऐका, मागून कोणीतरी 'शोएब, बस' असे म्हणतो आहे.

ग्रुपमध्ये आम्ही दोनच मुस्लिम कुटुंबे. ती ओळ वाचली आणि माझे डोके तापले. मी लगेच उत्तर टाइप करायला घेतले. आमच्यावर प्रत्येक गोष्ट कशी ढकलली जाते, माध्यमे कशी विकली गेली आहेत, असा लांबलचक मजकूर तयार होत होता. तेवढ्यात इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षकांचा निरोप आला. ख्रिस्ती गृहस्थ, सगळे त्यांना 'सर' म्हणतात. त्यांनी लिहिले होते, "मी तीन वेळा ऐकलं. इयरफोन लावून ऐकलं. मला तरी 'ओये बस' असं ऐकू येतं. तुम्हीही परत एकदा ऐका."

ग्रुप थोडा वेळ शांत झाला. मग एकाने लिहिले, "हो सर, बरोबर आहे." विषय तिथेच संपला. पुढे २२ एप्रिलला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी जाहीरपणे सांगितले की, अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही आणि क्लिपमधले शब्द 'ओये बस' असे आहेत.

मी माझा मजकूर पुसून टाकला. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. ज्यांनी 'शोएब' ऐकले त्यांनी क्लिप नीट ऐकली नव्हती, हे खरे. पण मी तर ती एकदाही ऐकली नव्हती. खालची ओळ वाचून मी भांडायला उभा राहिलो होतो. ऐकण्याचे काम ज्यांचा या वादाशी काडीचा संबंध नव्हता त्या सरांनी केले.

धीर आणि लक्ष कमी होत चालले आहे, ही तक्रार आपण रोज ऐकतो. बहुतेक वेळा ती मुलांबद्दल असते. अभ्यासात मन लागत नाही, हातातून मोबाईल सुटत नाही, जेवतानाही रील्स चालू. ही काळजी खोटी नाही. पण मला वाटते, हा प्रश्न अभ्यासापेक्षा मोठा आहे. एकाच्या घाईची किंमत पुष्कळदा दुसराच कोणीतरी मोजतो. आपण तरुण मुसलमान ती किंमत मोजतोही, आणि घाई करणाऱ्यांच्या रांगेतही उभे असतो. दोन्ही गोष्टी एकदम बोलायला हव्यात.

गोल्डफिशची गोष्ट

'माणसाचे लक्ष आता फक्त आठ सेकंद टिकते, गोल्डफिश माशाचे नऊ सेकंद टिकते' हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचले असेलच. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात तर ते हमखास ऐकायला मिळते. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेच्या एका अहवालात हा आकडा छापला गेला आणि जगभर फिरला. तो त्या कंपनीच्या स्वतःच्या संशोधनातला नव्हता, दुसऱ्या एका संकेतस्थळावरून उचललेला होता. पुढे बीबीसीच्या पत्रकारांनी त्याचे मूळ शोधायचा प्रयत्न केला, तेव्हा मागे कोणताही अभ्यास सापडला नाही. म्हणजे आपले लक्ष कमी झाले आहे हे सांगणारे सर्वांत प्रसिद्ध वाक्यच कोणी लक्ष देऊन तपासले नाही.

तपासलेले संशोधनही आहे. ग्लोरिया मार्क या अमेरिकी संशोधिका अनेक वर्षे लोक संगणकावर कसे काम करतात हे मोजत आल्या आहेत. २००४ मध्ये माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटे थांबत होता. अलीकडच्या मोजणीत हा वेळ ४७ सेकंदांवर आला. याचा अर्थ मेंदू बिघडला असा नाही. दुसरीकडे वळायची सवय मात्र लागली आहे.

ही सवय आपोआप लागली नाही, हे मी माझ्या धंद्यातून सांगू शकतो. सॉफ्टवेअरमध्ये उशीर म्हणजे दोष. पान उघडायला किती मिलिसेकंद लागली हे आम्ही मोजतो आणि ती कमी झाली की खूश होतो. तिकीट काढताना पडद्यावर चक्र फिरत राहिलेले कोणाला आवडेल? पण हाच नियम बातमी पुढे पाठवण्याच्या बटणालाही लागू झाला. पान कधी संपतच नाही अशी रचना २००६ मध्ये आझा रास्किन या डिझायनरने तयार केली. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पूर्वी पानाच्या तळाशी पोहोचल्यावर हात क्षणभर थांबायचा, 'पुढचे पान' दाबायचे की नाही हे ठरवावे लागायचे. तो क्षणच काढून टाकला गेला. आपण किती वेळ थांबलो यावर कंपनीची जाहिरातीची कमाई ठरते, त्यामुळे आपल्याला विचार करायला जागा सोडणे तिला परवडत नाही.

गंमत अशी की, जिथे चूक महागात पडते तिथे आम्ही इंजिनिअर मुद्दाम उशीर पेरतो. मी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या सहकाऱ्याने वाचल्याशिवाय तो ग्राहकापर्यंत जात नाही. बँकेचे पैसे पाठवताना ओटीपी मागितला जातो. जीमेलमध्ये पाठवलेला मेल काही सेकंद मागे घेता येतो, कारण 'पाठवा' दाबल्यावर तो खरे तर तेवढा वेळ रोखून धरलेला असतो. पैशाच्या बाबतीत सगळ्यांना थांबणे मान्य आहे. दुसऱ्याच्या जिवाच्या आणि इज्जतीच्या बाबतीत तेवढे थांबायला आपण तयार नाही.

कापलेला शेवट

२०१८ मध्ये देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून पळतात. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होता. मूळ व्हिडिओच्या शेवटी ते दोघे परत येतात, मूल सोडतात आणि मूल पळवणे किती सोपे आहे हे सांगणारा फलक दाखवतात. फिरणाऱ्या क्लिपमधून हा शेवट कापला होता. अपहरणाच्या अफवांनी त्या वर्षी देशात अनेकांचे बळी घेतले. आपल्या राज्यात, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागायला आलेले होते. त्यांना कोणी दोन प्रश्न विचारून उत्तर ऐकून घेतले असते, तर ते वाचले असते.

अशा घटनांनंतरच, जुलै २०१८ मध्ये, व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे ती जगभर लागू झाली आणि पुढे पाठवले जाणारे संदेश २५ टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. कोणाचे प्रबोधन झाले नव्हते, कोणाचा स्वभाव बदलला नव्हता. बोटासमोर एक छोटा अडथळा आला, एवढेच. २०२० मध्ये ट्विटरनेही बातमी न उघडता ती पुढे पाठवणाऱ्याला 'आधी वाचायची आहे का?' असे विचारायला सुरुवात केली. त्या प्रश्नानंतर बातम्या उघडून पाहण्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी वाढले. थांबवले तर माणूस थांबतो. आशा वाटावी असे काही असेल तर ते हे आहे.

पण घाईने झालेले नुकसान सावकाश भरून येते, कधी येतही नाही. मार्च २०२० च्या अखेरीस निजामुद्दीनच्या मरकजची बातमी आली आणि आठवड्याभरात सगळा समाज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेण्याचे दिवस आपण पाहिले आहेत. गडचिंचलेची क्लिप आली ती यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. 'ओये बस'चे 'शोएब' का ऐकू आले, ते यातून कळते. लक्ष नसलेला कान आधीच मनात असलेले नाव ऐकतो. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता नोंदवली. आरोप महिनाभर पहिल्या पानावर होता. निकालावर चर्चा किती दिवस झाली, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.

आपली घाई

इथपर्यंत वाचताना आपल्याला बरे वाटते, कारण चूक दुसऱ्याची आहे. आता आपल्याकडे पाहू.

एप्रिल २०२५ मध्ये वक्फ सुधारणा कायदा झाला. आमच्या ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर त्यावर हजारो संदेश आले. कोणी म्हणाले मशिदी जाणार, कोणी म्हणाले कब्रस्ताने जाणार, कोणी म्हणाले काहीच होणार नाही. मी एका ग्रुपवर विचारले की कायद्याचा मजकूर कोणी वाचला आहे का. एकानेही हो म्हटले नाही. प्रामाणिकपणे सांगतो, त्या दिवसापर्यंत मीही वाचला नव्हता. आपल्या मशिदीची, दर्ग्याची, कब्रस्तानाची कागदपत्रे कुठे आहेत आणि कोणाच्या नावावर आहेत, हे विचारणारा संदेश मला तरी दिसला नाही. राग खरा होता. त्या रागातून काम मात्र निघाले नाही, कारण कामाला लागते ते लक्ष तोवर पुढच्या बातमीकडे गेले होते.

सच्चर समितीचेही तेच. नोव्हेंबर २००६ मध्ये तो ४०३ पानांचा अहवाल आला. सभेत, भाषणात, पोस्टमध्ये आपण 'सच्चर म्हणतात' असे सहज म्हणतो. आपल्यापैकी किती जणांनी त्याचे एक प्रकरण तरी सलग वाचले आहे? आपली परिस्थिती आकड्यांत मांडणारा दस्तऐवज आपणच वाचणार नसू, तर तो सरकारने वाचावा हे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

इबादतीतही हे जाणवते. प्रत्येक मशिदीत 'मोबाईल बंद ठेवा' असा फलक आहे, तरी दुसऱ्या रकातीत कोणाची तरी रिंगटोन वाजतेच. सलाम फिरवल्याबरोबर हात खिशाकडे जातो, माझाही जातो. नमाजेत ज्याला आपण खुशू म्हणतो ते दुसरे काय आहे? शरीर जिथे आहे तिथेच मनाने असणे. रोज्यात आपण चौदा तास पाणी सोडतो आणि तेच चौदा तास रील्स बघत ढकलतो. भूक आवरणे आपल्याला जमते, अंगठा आवरणे जमत नाही.

तहकीक आपल्या घरची आहे

बातमी आली तर आधी तिची तहकीक करा, नाहीतर नकळत एखाद्या समूहाचे नुकसान कराल आणि मग पश्चात्ताप करत बसाल, असा आदेश कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये आहे. सहावी आयत काढून वाचा. तिच्यात सांगितलेला धोका बरोबर तोच आहे, जो राईनपाड्यात आणि गडचिंचलेत खरा ठरला : न तपासलेल्या बातमीमुळे दुसऱ्याला होणारी इजा. ऐकलेले सगळे पुढे सांगत सुटणे एवढेही माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, या आशयाची हदीस सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेत आहे.

आपल्या पूर्वसुरींनी ही शिकवण उपदेशापुरती ठेवली नाही, तिची पद्धत बनवली. हदीस सांगायची तर आधी सनद सांगायची. मला अमक्याने सांगितले, त्याला तमक्याने, अशी मूळ माणसापर्यंत साखळी. त्या साखळीतला प्रत्येक माणूस तपासला जाई. तो खरे बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकले असे म्हणतो त्याला तो खरोखर भेटला होता का. इमाम बुखारी मध्य आशियातल्या बुखाऱ्याहून निघून या कामासाठी वर्षानुवर्षे शहरामागून शहरे फिरले. कडी तुटली तर रिवायत कमजोर ठरे, मग तिचा मजकूर कितीही गोड असो.

आता मोबाईलमधला फॉरवर्ड घ्या. तोही साखळीतूनच येतो, पण साखळीत एकही नाव नसते. 'अनेकदा फॉरवर्ड केलेले' एवढीच त्याची सनद. आपल्या परंपरेच्या कसोटीवर तो पहिल्या पायरीवरच बाद व्हायला हवा. पण खाली 'प्रत्येक मुसलमानापर्यंत पोहोचवा' असे लिहिलेले असते आणि आपण सवाब समजून तो पोहोचवतो. ज्या समाजाने बातमी तपासण्याचे शास्त्र उभे केले, त्याच्या तरुणाला 'हे कोणी सांगितले?' हा प्रश्न अवघड वाटावा, याची मला लाज वाटते.

सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे

इथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. सब्र हा शब्द आपल्याकडे फार वेळा दुसऱ्याचे तोंड बंद करायला वापरला गेला आहे. नवरा मारतो? सब्र कर, बेटी. नोकरीच्या मुलाखतीत नाव पाहून नाकारले? सब्र कर. त्यामुळे धीराची गोष्ट काढली की तरुणांना, विशेषतः मुलींना, त्यात उपदेशाचा वास येतो.

मी म्हणतो तो सब्र हा नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रिया हमीद दलवाई यांच्यासोबत मोर्चा घेऊन विधानभवनावर गेल्या. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती. फक्त सात जणी. आजच्या हिशोबाने तो मोर्चा 'फ्लॉप'. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. १९७७ मध्ये दलवाई गेले. त्यांची सगळी मते तुम्हाला पटलीच पाहिजेत असे नाही. पण तलाकपीडित स्त्रियांचे अर्ज लिहिणे, सभा घेणे, दगड आणि शिव्या खाऊन पुन्हा सभा घेणे हे काम माणसे बदलली तरी चालू राहिले. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. मोर्चापासून ५१ वर्षे झाली होती. गप्प बसण्याला आपण सब्र म्हणतो, तेव्हा या बायकांचा अपमान करतो.

आमच्या जिल्ह्यातलेच दुसरे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असे विचारणारी पोस्ट पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर टाकली. तिच्या मैत्रिणीने ती 'लाइक' केली. एक मुस्लिम, एक हिंदू. दोघींना अटक झाली आणि पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पोस्ट टाकल्यापासून दवाखाना फुटेपर्यंत एक दिवसही गेला नव्हता. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. देशभर संताप उसळला आणि नेहमीप्रमाणे ओसरला. पण श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि ती चालवत राहिली. २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरले. संतापाने कलम हलले नाही. दोन वर्षांहून अधिक काळ एकाच मुद्द्याला धरून बसल्याने ते हलले.

सब्र म्हणजे हे धरून बसणे. ज्यांच्याकडे सत्ता आहे, पैसा आहे, त्यांना लक्ष टिकवता आले नाही तरी त्यांचे भागते. आपले भागत नाही. आपल्याकडे असलेले भांडवल म्हणजे चिकाटी, आणि तेच आपण दिवसभर पडद्यावर उधळतो आहोत.

तीन सवयी

मोठे संकल्प मोडतात, म्हणून मी स्वतःसाठी तीनच नियम केले आहेत. त्यातला एखादा तुम्हालाही जमेल.

पहिला : चीड आणणारी कोणतीही गोष्ट आली तर एका नमाजेपासून पुढच्या नमाजेपर्यंत ती पुढे पाठवायची नाही. जोहरला आली तर असरपर्यंत थांबायचे. दिवसात पाच थांबे आपल्याला आधीच नेमून दिलेले आहेत, वेगळे ॲप लागत नाही. मधल्या वेळात तीन गोष्टी पाहायच्या : मूळ कोणाचे, तारीख कोणती, क्लिप पूर्ण आहे का. कोणाचा जीव धोक्यात असेल तर ग्रुपवर न टाकता थेट ११२ ला फोन करायचा.

दुसरा : महिन्याला एक दस्तऐवज शेवटपर्यंत वाचायचा. एकट्याने होत नसेल तर चार मित्रांनी मिळून. सच्चर अहवालातले शिक्षणाचे प्रकरण, वक्फ कायदा, आपल्या महापालिकेचा अर्थसंकल्प, आपल्या प्रभागाची मतदार यादी. मतदार यादीत आपल्या गल्लीतली किती नावे गायब आहेत, हे रील पाहून कळत नाही. बोट ठेवून ओळ न् ओळ वाचावी लागते.

तिसरा, आणि सर्वांत अवघड : चूक झाली तर ज्या ग्रुपवर चुकीचे पाठवले त्याच ग्रुपवर 'माझे चुकले, ती बातमी खोटी होती' असे लिहायचे. गुपचूप डिलीट करायचे नाही. गेल्या वर्षी मी असे दोनदा लिहिले. दोन्ही वेळा आधी कान गरम झाले, मग हलके वाटले.

सर अजूनही आमच्या ग्रुपवर आहेत. फारसे बोलत नाहीत. पण काही वादग्रस्त आले की कोणीतरी लिहितेच, "सर, तुम्ही ऐकलं का?" एका इमारतीत असा एक माणूस असला तरी फरक पडतो, हे मी पाहिले आहे. तुमच्या ग्रुपवर असा कोणी नसेल, तर ते काम तुम्ही घ्या. पुढची क्लिप आली की इयरफोन लावा आणि तीन वेळा ऐका.